शिकागोच्या मागच्या गल्ल्या : झिरपत्या फरसबंदीचा एक प्रकरण अभ्यास

शिकागोच्या निवासी भागात घरांच्या पुढच्या बाजूला मुख्य रस्ता असतो आणि पाठीमागे साधारण पाच मीटर रुंदीची एक गल्ली असते. कचऱ्याचे डबे, मोटारींची गॅरेजे, विजेचे खांब, मालाची ने-आण असा चारचौघांत न दाखवण्याजोगा सगळा व्यवहार या गल्लीतून चालतो. मुंबईच्या जुन्या चाळींमधल्या घरगल्लीचेच हे वाहन जाऊ शकेल इतके रुंद रूप म्हणता येईल. अशा गल्ल्यांची एकूण लांबी सुमारे १,९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरांहून थोडी अधिक, आणि त्यांनी व्यापलेली जमीन सुमारे ३,५०० एकर, म्हणजे १,४०० हेक्टरांच्या आसपास आहे. यांतील कित्येक गल्ल्यांना मुळात गटाराची जोडणीच दिलेली नव्हती. गल्ली कच्ची होती तोवर पाणी मातीत मुरत असे. पुढे तिच्यावर डांबर आणि काँक्रीट चढले, पाण्याची खाली जाण्याची वाट बंद झाली, आणि तेच पाणी शेजारच्या गॅरेजांत, परसांत व तळघरांत शिरू लागले.

महापौर रिचर्ड एम. डेली यांच्या कारकिर्दीत, २००६ मध्ये, शहराच्या परिवहन विभागाने या प्रश्नावर ‘ग्रीन अ‍ॅली’ नावाचा उपक्रम सुरू केला. गल्लीला गटार जोडण्याऐवजी गल्लीचा पृष्ठभागच पाणी झिरपू देणारा करायचा, अशी त्याची मूळ कल्पना होती. २०१० पर्यंत अशा शंभराहून अधिक गल्ल्या तयार झाल्या आणि विभागाने प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक पुस्तिका इतर शहरांतील अभियंत्यांच्याही हाती पडली. या उपक्रमाचे कौतुक भरपूर झाले आहे. प्रस्तुत लेखात मात्र या फरसबंदीने नेमके किती पाणी सांभाळता येते, कोठे तिचा जोर संपतो, आणि तिची क्षमता वाढवायची असेल तर सुधारणा कोणत्या थरात करावी लागते, एवढेच तपासले आहे.

गटार का जोडले नाही

सरळ उपाय नळ टाकण्याचा होता. तो का टाळला गेला हे समजण्यासाठी शिकागोच्या गटारांचा थोडा इतिहास पाहावा लागतो. हे शहर मिशिगन सरोवराच्या काठच्या सपाट आणि बहुतांशी चिकणमातीच्या मैदानावर वसले आहे. १८५० च्या दशकात एलिस चेसब्रो या अभियंत्याच्या आराखड्यानुसार गटारे घातली गेली, तेव्हा त्यांना उतार मिळावा म्हणून शहराचे रस्तेच, आणि त्यांच्या बरोबरीने अनेक इमारती, उचलून वर घ्याव्या लागल्या. मैला आणि पावसाचे पाणी एकाच नळातून वाहून नेणारी ही एकत्रित व्यवस्था शहराच्या मोठ्या भागात आजही तशीच आहे. मैलापाणी पिण्याच्या पाण्याच्या सरोवरात जाऊ नये म्हणून १९०० मध्ये कालवा खोदून शिकागो नदीचा प्रवाहच उलटा फिरवला गेला, हा पराक्रम सर्वश्रुत आहे. परंतु मोठा पाऊस आला की एकत्रित नळ भरून वाहतात, मैलामिश्रित पाणी नदीत जाते आणि तळघरांच्या मोऱ्यांमधून घरात उलटे येते, हा मूळ दोष त्यामुळे गेला नाही.

त्यावर दोन उपाय योजले गेले. पहिला म्हणजे जमिनीखाली ४५ ते ९० मीटर खोलीवर खडकात कोरलेले, काही ठिकाणी दहा मीटर व्यासाचे, एकूण सुमारे १७५ किलोमीटर लांबीचे बोगदे आणि त्यांना जोडलेले प्रचंड जलाशय. १९७५ मध्ये सुरू झालेले बोगद्यांचे काम २००६ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे ज्या वर्षी गल्ल्यांचा उपक्रम सुरू झाला त्याच वर्षी. दुसरा उपाय अधिक साधा, आणि माझ्या मते अधिक बोलका, होता. रस्त्याकडेच्या चेंबरांत प्रवाह रोखणारे अडथळे बसवून पाणी काही काळ रस्त्यावरच तुंबू द्यायचे, म्हणजे ते तळघरात चढत नाही. पाणी कोठेतरी थांबणारच असेल तर ते कोठे थांबावे हे आपण ठरवावे, असा त्यामागचा विचार होता. अशा व्यवस्थेत गल्ल्यांचे पाणीही नव्या नळांनी आणून सोडणे म्हणजे आधीच तुडुंब भरणाऱ्या गटारावर आणखी भार टाकणे होते. गल्ली झिरपती करण्याचा निर्णय पर्यावरणप्रेमातून जितका आला तितकाच या अडचणीतूनही आला.

पृष्ठभाग आणि त्याखालचे थर

विभागाने सर्व गल्ल्यांना एकच साचा लावला नाही. जेथे जमीन वालुकामय होती तेथे पूर्ण रुंदीभर झिरपती फरसबंदी, जेथे जागा वा पैसा कमी होता तेथे फक्त मधला पट्टा झिरपता, जेथे चिकणमाती होती तेथे खडीच्या थरात छिद्रयुक्त निचरा नळी, आणि जेथे यातील काहीच शक्य नव्हते तेथे नेहमीचाच निचरा ठेवून फिकट रंगाचे, कमी तापणारे काँक्रीट, असे चार प्रकार मार्गदर्शक पुस्तिकेत दिले आहेत. साहित्यात जुन्या काँक्रीटची फोडलेली खडी, लोखंडाच्या भट्टीतील मळी (स्लॅग) आणि सच्छिद्र डांबरात जुन्या टायरांचा चुरा यांचा वापर झाला. सुरुवातीला सच्छिद्र काँक्रीट महाग पडले, पण पुरवठादारांना नियमित मागणीची खात्री पटल्यावर त्याचा दर झपाट्याने उतरला. एका शहराने सातत्याने निविदा काढल्याने बाजार कसा तयार होतो याचा हा चांगला दाखला आहे.

सच्छिद्र काँक्रीट म्हणजे वाळू जवळजवळ वगळलेले काँक्रीट. एकाच आकाराच्या खडीच्या प्रत्येक दाण्याला सिमेंटच्या लगद्याचा पातळ लेप बसतो, दाणे एकमेकांना टेकतात तेथे चिकटतात आणि उरलेल्या जागेत १५ ते २५ टक्के पोकळी राहते. मिश्रणात पाणी थोडे जास्त पडले तर लगदा ओघळून तळाशी साचतो आणि खालचा भाग बंद होतो. कमी पडले तर दाणे सुटे होतात. मिश्रण पसरल्यावर ते थापीने घोटायचे नसते, कारण घोटले की वरची छिद्रे लिंपली जातात, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या आत त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून तो सुमारे आठवडाभर ठेवावा लागतो. पृष्ठभाग गुळगुळीत करण्यातच ज्यांचे कसब आहे अशा गवंड्यांना ही शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि अशा कामांतील बरेचसे दोष पहिल्या तासातच तयार झालेले असतात.

पृष्ठभागातून पाणी किती वेगाने उतरते हे मोजण्याची एक सोपी पद्धत आहे. ३०० मिलिमीटर व्यासाचे कडे प्लंबरच्या पुट्टीने फरसबंदीवर चिकटवायचे, आधी थोडे पाणी ओतून जागा ओली करायची आणि मग १८ लिटर पाणी ओतून ते मुरायला लागलेला वेळ घड्याळावर पाहायचा. एवढ्या वर्तुळात १८ लिटर म्हणजे सुमारे २५४ मिलिमीटर पाणी होते. नव्या, नीट बांधलेल्या पृष्ठभागावर ते अर्ध्या मिनिटात दिसेनासे होऊ शकते, म्हणजे वेग ताशी तीस हजार मिलिमीटर झाला. धुळीने बराच भरलेला पृष्ठभाग जरी अर्ध्या मिनिटाऐवजी पाव तास घेऊ लागला, तरी वेग ताशी हजार मिलिमीटर उरतो, आणि एवढा पाऊस कोणत्याच शहरात पडत नाही.

नेमका हाच आकडा दिशाभूल करतो. प्रात्यक्षिकात टँकरचे पाणी फरसबंदीवर ओतले की ते क्षणात गडप होते आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. पूर मात्र पृष्ठभागावर ठरत नाही. शिकागोच्या चिकणमातीत पाणी ताशी एक-दोन मिलिमीटरच मुरत असेल तर पृष्ठभागाचा वेग तीस हजार असो वा हजार, पाऊस चालू असताना खरे काम करते ती पृष्ठभाग आणि माती यांच्या मधल्या खडीच्या थरातील रिकामी जागा. झिरपता रस्ता हे जमिनीखालचे एक उथळ साठवण टाके आहे, आणि त्याचा हिशेब टाक्याचाच करावा लागतो.

एका गल्लीचा हिशेब

शिकागोतील ठरावीक घरचौकाच्या (ब्लॉकच्या) मापाने दोनशे मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशी एक गल्ली घेऊ. क्षेत्रफळ हजार चौरस मीटर झाले. खाली ३०० मिलिमीटर जाडीचा, एकाच आकाराच्या धुतलेल्या खडीचा थर असेल आणि त्यात ४० टक्के पोकळी असेल, तर साठवण १२० घनमीटर होते, म्हणजे गल्लीच्या स्वतःच्या क्षेत्रावर १२० मिलिमीटर पाऊस मावला पाहिजे. कागदावर हे उत्तम दिसते.

आता दोन गोष्टी बदलू. पहिली, गल्लीवर फक्त तिचाच पाऊस पडत नाही. दोन्ही बाजूंच्या गॅरेजांची छपरे आणि फरशी घातलेली परसे मिळून गल्लीच्या दुप्पट क्षेत्राचे पाणी तिच्यात उतरत असेल, तर ५० मिलिमीटरच्या पावसातच १५० घनमीटर पाणी येते आणि टाके ओसंडते. गल्लीची फरसबंदी झिरपती करून छपरांचे पन्हाळ पूर्वीसारखे तिच्यावर सोडून देणे ही त्यामुळे अर्धीच सुधारणा होते. घरमालकांनी पन्हाळाचे पाणी पिंपात किंवा परसातील झाडांच्या आळ्यात वळवावे असे शिकागोची पुस्तिकाही सुचवते, पण ते खासगी जागेतले काम असल्याने विभागाच्या हातात नव्हते.

दुसरी गोष्ट उताराची. गल्लीला एक टक्का उतार असेल तर दोनशे मीटरांत दोन मीटरांचा फरक पडतो. खडीतील पाणी पृष्ठभागाला समांतर राहात नाही. ते खालच्या टोकाकडे सरकते आणि तेथे आडवी पातळी गाठते. ३०० मिलिमीटरच्या थरात अशा उतारावर पाणी फक्त शेवटच्या तीस मीटरांत, तेही पाचरीच्या आकारात, साठू शकते. हिशेब केला तर १२० घनमीटरांच्या जागी नऊ घनमीटर उरतात. बाकी सगळी खडी पावसाच्या अखेरीस कोरडीच असते आणि खालच्या टोकाला पाणी फरसबंदीच्या छिद्रांतून वर येऊन वाहू लागते. ‘रस्ता नापास झाला’ अशी तक्रार येते तेव्हा बरेचदा पृष्ठभागाला दोष दिला जातो, आणि चूक मात्र उतारात दडलेली असते.

त्यावर उपाय म्हणजे खडीच्या थरात ठरावीक अंतरावर काँक्रीटचे वा जाड प्लास्टिक पत्र्याचे आडवे बांध घालणे. दर पंधरा मीटरांवर पूर्ण उंचीचा बांध घातला तर त्याच गल्लीत सुमारे ९० घनमीटर पाणी थांबते. म्हणजे थोड्या काँक्रीटने साठवण दहापट वाढते. शिकागो सपाट असल्याने तेथे हा प्रश्न कमी तीव्र आहे. चढ-उताराच्या शहरात मात्र बांधांशिवाय झिरपती फरसबंदी घालणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय. पाणलोट विकासाची कामे जवळून पाहिलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. नवल याचे वाटते, की रस्त्याच्या आडव्या छेदाचे नकाशे काटेकोरपणे काढणारे सल्लागारही लांबीच्या दिशेचा छेद अनेकदा काढत नाहीत.

चिकणमातीतील दुसरी सुधारणा निचरा नळीच्या उंचीची. नळी थराच्या अगदी तळाशी ठेवली तर पाणी मुरण्याआधीच गटारात निघून जाते आणि झिरपत्या रस्त्याचा उपयोग फक्त प्रवाह थोडा लांबवण्यापुरता राहतो. नळी तळापासून काही उंचीवर ठेवली, अथवा तिच्या तोंडाशी लहान छिद्राची झडप बसवली, तर छोट्या पावसाचे सगळे पाणी मुरते आणि मोठ्या पावसाचे पाणी गटाराला झेपेल अशा गतीने बाहेर पडते. ताशी एक मिलिमीटर मुरणाऱ्या मातीत १२० मिलिमीटर पाण्याला पाच दिवस लागतात. तोवर दुसरा पाऊस आला तर टाके भरलेलेच सापडते. त्यामुळे साधारण दोन-तीन दिवसांत थर रिकामा होईल अशी रचना असावी लागते. खोदलेल्या तळावर जड रोलर फिरवून माती घट्ट करणे हेही येथे वर्ज्य आहे, आणि रस्ता बांधणाऱ्याच्या सगळ्या सवयींविरुद्ध जाणारी ही अट साइटवर सर्वांत आधी मोडली जाते.

पुराच्या प्रमाणात हा उपाय किती मोठा

शिकागोच्या ओहेअर विमानतळावर २३ जुलै २०११ रोजी ६.८६ इंच, म्हणजे सुमारे १७४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एका दिवसाच्या पावसाचा तो तेथील विक्रम होता आणि त्याने तळघरे भरलीच. शंभर गल्ल्या प्रत्येकी दोनशे मीटर धरल्या तर वीस किलोमीटर होतात, आणि एकूण गल्ल्या तीन हजार किलोमीटरांच्या आहेत. एक टक्काही न झालेल्या कामाकडून शहराचा पूर थांबण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

सगळ्याच गल्ल्या झिरपत्या केल्या तरी काय होईल तेही पाहू. १,४०० हेक्टरांवर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ३५ कोटी लिटर पाणी. बोगद्यांना जोडलेला, २०१५ मध्ये कार्यान्वित झालेला थॉर्नटनचा एकच जलाशय सुमारे ३,००० कोटी लिटर पाणी धरतो. विक्रमी पावसाला उत्तर द्यायचे काम जलाशयाचे आहे, गल्लीचे नाही. गल्लीने सोडवला तो प्रश्न वेगळा, लहान आणि खरा होता: तिच्याच कडेच्या गॅरेजांत पाणी शिरू नये आणि त्यासाठी गटारावर नवा भार पडू नये.

याच संदर्भात शहराचा एक दावा काळजीपूर्वक वाचायला हवा. २०१२ च्या सुमारास पिल्सन भागातील सर्माक रोड आणि ब्लू आयलंड अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यांची सुमारे दोन मैलांची पुनर्रचना झाली. सायकल आणि पार्किंगच्या पट्ट्यांत झिरपते पेव्हर, कडेला पाणी मुरवणारे वाफे अशी ही रचना सरासरी वार्षिक पावसापैकी ८० टक्के पाणी गटारापासून दूर ठेवते, असे शहराने सांगितले. हा आकडा वार्षिक आहे. वर्षाचा बहुतेक पाऊस लहान-लहान सरींत पडतो, आणि त्या सरी पूर्ण मुरल्या की वार्षिक टक्केवारी आपोआप मोठी दिसते. मोठ्या वादळाचे ८० टक्के पाणी ती रचना पेलेल असा त्याचा अर्थ होत नाही. एकत्रित गटार असलेल्या शहरात लहान सरींचे पाणी वाचवणेही मोलाचे असते, कारण त्याने मैलामिश्रित पाणी नदीत जाण्याचे प्रसंग कमी होतात. मात्र तो लाभ नदीच्या स्वच्छतेचा आहे. पुराच्या खात्यात तो जमा करू नये.

झाडू, मीठ आणि कचऱ्याच्या गाड्या

देखभालीबाबत गल्ली ही अवघड जागा आहे. कचऱ्याच्या जड गाड्या वळताना चाके जागच्या जागी घासतात आणि सच्छिद्र काँक्रीटचे वरचे दाणे सुटू लागतात. हिवाळ्यात टाकलेले मीठ व पाणी गोठण्या-वितळण्याचे चक्र त्यात भर घालते. बर्फावर घसरू नये म्हणून वाळू टाकली तर तीच छिद्रांत बसते. साध्या झाडूने धूळ आणखी आत ढकलली जाते, म्हणून हवेने ओढून घेणारे यंत्र वर्षातून निदान एक-दोनदा फिरवावे लागते. नळ वा केबलसाठी कोणी खोदले की चर साध्या काँक्रीटने बुजवला जातो, आणि खडीचा सलग थर मध्येच तुटतो. झिरपत्या पेव्हर ब्लॉकची बाजू येथे वरचढ ठरते: ते काढून पुन्हा बसवता येतात, आणि सांध्यांतील बारीक खडी भरली की तेवढीच ओढून काढून नवी टाकता येते.

महाराष्ट्रात काय घेता येईल

शिकागोचा वर्षभराचा सरासरी पाऊस साधारण ९५० मिलिमीटर आहे. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. या एका तुलनेने शिकागोची रचना जशीच्या तशी उचलण्याचा विचार बाजूला पडतो. त्या पुरानंतर मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांसाठी ताशी ५० मिलिमीटर पावसाचे माप धरले गेले. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी वाहिन्यांच्या तोंडाशी आले की ही क्षमताही कामाला येत नाही, आणि जुलैच्या मध्यापर्यंत सखल भागातील जमीन इतकी भिजलेली असते की मुरण्याला वावच उरत नाही. तेथे झिरपती फरसबंदी घालायची तर ती पाणी काही तास अडवून ठेवणारे टाके म्हणून, नियंत्रित तोंडाच्या निचरा नळीसह घालावी. काळ्या मातीच्या प्रदेशात तर पाणी खाली जाऊ देणेच घातक आहे, कारण ती माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. तेथे खडीखाली जलरोधक कापड घालून साठवणच तेवढी घ्यावी लागेल. मुरमाच्या जमिनीवर, वसाहतींचे अंतर्गत रस्ते, शाळांची आवारे आणि वाहनतळ येथे मात्र शिकागोचा धडा बऱ्याच अंशी लागू पडतो.

आपल्याकडे फुटपाथांवर बसवलेले पेव्हर ब्लॉक पाणी मुरवतात असा समज आहे. बहुतेक ठिकाणी ते दाबून बसवलेल्या कचेवर, अनेकदा त्याखालच्या काँक्रीटवर असतात आणि त्यांचे सांधे बारीक वाळूने किंवा सरळ सिमेंटने भरलेले असतात. त्यांतून मुरणारे पाणी नगण्य असते.

निविदेत यासाठी तीन कलमे तरी लागतील. खडीच्या थराचा लांबीच्या दिशेचा छेद आणि बांधांच्या जागा नकाशात दाखवलेल्या असाव्यात. काम ताब्यात घेताना कड्याची चाचणी ठरलेल्या ठिकाणी करून वेग नोंदवलेला असावा आणि दोष दायित्व कालावधीत, म्हणजे ठेकेदार दुरुस्तीला बांधील असतो त्या काळात, ती मे महिन्यात, पावसाळापूर्व सफाईनंतर, दरवर्षी पुन्हा व्हावी. १८ लिटर पाणी मुरायला तासाभराहून अधिक वेळ लागला तर ठेकेदाराने स्वखर्चाने यंत्राने सफाई करून द्यावी. आणि खोदकामाची परवानगी देताना चर मूळच्या थरांनीच भरण्याची अट घालून तेवढी अनामत रक्कम आधी घेतलेली असावी, कारण रस्ता खोदणारे खाते आणि रस्ता बांधणारे खाते आपल्याकडे सहसा एक नसते.